उसने गोत्र

भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात मी रोज सकाळी पितरांना पाणी देतो. वडील गेले त्या वर्षापासून त्यात खंड पडला नव्हता, आणि परदेशी आलो म्हणून तो पडावा असे मला वाटत नव्हते. २०११ च्या मार्चमध्ये जपानात मोठा भूकंप झाला. सून आणि नात फार घाबरल्या होत्या; घरात एखादे वडील माणूस असावे म्हणून मुलाने मला त्या उन्हाळ्यात पुण्याहून तोक्योला आणले. येताना मी दर्भाची जुडी, तांब्याचे ताम्हन आणि पळी बरोबर घेतली. काळे तीळ इथेच मिळाले. हे लोक ते भातावर भुरभुरवून खातात.

तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातले आमचे घर सातव्या मजल्यावर होते. जमीन अजून शांत झाली नव्हती. जेवताना, जप करताना, कोणाशी बोलताना मध्येच इमारत हले, आणि आम्ही सारे आधी छताला टांगलेल्या दिव्याकडे पाहू. दिवा थांबला की बोलणे तुटले होते तिथून पुन्हा सुरू होई, पण ते आधीच्या बोलण्याला नीट जोडले जात नसे. माझा स्वभाव स्वस्थ आहे असे लोक म्हणतात. त्या दिवसांत मात्र जपमाळेचे मणी बोटांखालून पुढे सरकत आणि मन त्या दिव्याला लटकलेले असे.

भूकंपात अणुभट्टी फुटल्यावर नळाचे पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका असे सरकारने सांगितले होते, आणि सून अजून स्वयंपाक बाटलीतल्या पाण्याने करी. पितृपक्षाच्या पहिल्या सकाळी तिने विचारले, "बाबा, पितरांना नळाचं चालेल का? की त्यांच्यासाठीही बाटली फोडू?"

"नळाचं चालेल," मी म्हणालो. "ते काही तान्ही बाळं नाहीत."

ती हसली. तेव्हा ती फार क्वचित हसे.

मी गॅलरीत दक्षिणेकडे तोंड करून तर्पण केले आणि ताम्हनातले पाणी कोपऱ्यातल्या नालीत सोडले. इथेच चूक झाली. पुण्यात तुळशीच्या वृंदावनापाशी सोडलेले पाणी मातीत जिरते. इथे ते खालच्या घराच्या गॅलरीवर ठिबकते हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तिसऱ्या सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात एक उंच, सावळ्याहून सावळ्या वर्णाच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात वाळत घातलेला पांढरा सदरा होता आणि त्याच्या खांद्यावर काळे तीळ चिकटले होते.

खालच्या मजल्यावरच्या या बाई नातीच्या शाळेत, शेजारच्या कोतो भागातल्या भारतीय मुलांच्या शाळेत, इतिहास शिकवत. त्या मूळच्या जमैकाच्या. सून त्यांना ओळखत होती, म्हणून तर अधिकच कानकोंडी झाली. शेजाऱ्याला त्रास देणे हा या देशात मोठा अपराध आहे. ती कमरेत वाकून वाकून क्षमा मागू लागली आणि मध्येच मला मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही आत जा बरं. मी बघते."

बाईंनी सदऱ्यावरचा एक तीळ नखाने उचलला आणि दाताखाली चावून पाहिला. "तीळच आहेत ना?"

"डेड लोकांसाठी आहेत, मिस," नात म्हणाली. ती तेव्हा सातवीत होती. "आजोबा एव्हरी मॉर्निंग त्यांना पाणी देतात."

बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. सदऱ्याची घडी करून त्यांनी ती छातीशी धरली, "हरकत नाही, ओजीसान," एवढे म्हणाल्या आणि जिन्याने खाली गेल्या. ओजीसान म्हणजे आजोबा. इमारतीत सगळे मला तसेच म्हणत.

सुनेने त्यांच्याकडे डब्यात बेसनाचे लाडू पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या डबा परत करायला आल्या. डब्यात घरी केलेला केळ्याचा केक होता. सुनेने त्यांना बसवले. आमचे बोलणे इंग्रजीत चाले. माझे इंग्रजी पुस्तकातले, त्यांचे गाण्यासारखे झोके घेणारे, आणि अडेल तिथे मध्ये नात. इथे मी ते मराठीत लिहितो.

"माझी आजी मे महिन्यात गेली," बाई म्हणाल्या. "तिनंच मला वाढवलं. भूकंपानंतर शाळा उशिरा उघडली होती. निम्मे शिक्षक आपापल्या देशी निघून गेलेले. मला रजा मागायचं धाडस झालं नाही. आमच्या गावी माणूस गेलं की नऊ रात्री घर जागं ठेवतात, गातात, तेव्हा ते माणूस सुटतं. मी इथे पेपर तपासत होते. माझ्या हातून तिला काहीही मिळालं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तिला पाणी द्याल का? आमच्यात हे एकट्यानं करायचं नसतं. वडीलधारं माणूस लागतं. इथे मला तुमच्याशिवाय कोणी दिसत नाही."

मला भरून आले. आप्त, गुरू, शिष्य, स्नेही, सर्वांना पाणी देण्याची सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. शेजारणीच्या आजीला का नाही? "देईन," मी म्हणालो. "अमावास्येला पंधरवडा संपतो. त्याच्या आत देईन. त्यांचे नाव सांगा."

त्यांनी नाव सांगितले. मी ते दोनदा उच्चारून बसवले. मग सवयीने विचारले, "गोत्र?"

नातीने तिच्या परीने समजावले, "फॅमिली लाइन, मिस. म्हणजे कोणत्या ऋषींपासून आपण आलो ते."

बाईंनी मान हलवली. ते त्यांना माहीत नव्हते; असणारही नव्हते.

"अडचण नाही," मी म्हणालो. "ज्यांना आपले गोत्र ठाऊक नसते त्यांना आम्ही काश्यप गोत्र देतो."

"देता? कोण देतं?"

"तशी रीत आहे. कश्यप ऋषींना सर्व प्राणिमात्रांचे मूळ मानले आहे. त्यामुळे कोणी परका उरत नाही."

बाईंनी डब्याचे झाकण उघडून पुन्हा लावले. मला वाटले, माझे इंग्रजी त्यांना कळले नाही. पण त्यांना सगळे कळले होते.

"आत्ता मी तुम्हाला आजीचं जे आडनाव सांगितलं, ते एका इंग्रजाचं आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा उसाचा मळा होता. आफ्रिकेहून जहाजात भरून आणलेली माणसं तो बंदरावर विकत घ्यायचा आणि त्यांना आपलं नाव द्यायचा. त्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती. विचारावीशीही वाटली नाहीत. तोही असंच म्हणत असेल, अडचण नाही."

नातीने भाषांतर करण्यासाठी तोंड उघडले होते, ते मिटले.

"पण आजीची आई डोंगरातली," बाई पुढे म्हणाल्या. "मळ्यांवरून पळून गेलेल्यांच्या वस्तीतली. ते लोक डोंगरात पोचले तेव्हा अंगावर धड कपडा नव्हता, मागे कुत्री लागलेली. तरी पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर पोरांना पुन्हा आपली नावं ठेवली. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. आजीलाही तसं एक नाव होतं. ते कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं, पण तिला हाक मात्र त्याच नावानं मारायचे. आणि तुम्ही म्हणता, आता तिला आणखी एक नाव देऊ."

मी दुसरा मार्ग सुचवला. तर्पणाच्या शेवटी, ज्यांना आई नाही, बाप नाही, सगासोयरा नाही, अशा सर्वांसाठी एक ओंजळ असते. तिथे नाव लागत नाही, गोत्रही लागत नाही. ती ओंजळ मी त्यांच्या आजीला स्मरून देईन.

"तिला मी आहे," बाई म्हणाल्या. "तिला बेवारशांच्या रांगेत का बसवता?" मग त्या उठल्या. आवाज चढला नव्हता. "उसन्या नावानं दिलेलं पाणी ती पिणार नाही, ओजीसान. मी ओळखते तिला. तहानलेली राहील, पण पिणार नाही."

त्या गेल्यावर सुनेने केक कापला. माझ्यापुढे बशी ठेवत म्हणाली, "गोत्राचा रकाना रिकामा राहिला तर पितर अर्ज परत पाठवतात का हो, बाबा?"

ती चेष्टा करत होती हे मला समजत होते. तरी मी उठून पंचांग उघडले आणि अमावास्येला किती दिवस उरले ते मोजले.

दुसऱ्या दिवसापासून मी तर्पणासाठी नदीवर जाऊ लागलो. वसाहतीच्या पूर्वेला मोठी नदी आहे. पुरासाठी बांधलेली उंच भिंत ओलांडली की पाण्यापर्यंत पायऱ्या उतरतात. भूकंपाने त्यांतल्या काही सरकल्या होत्या आणि तिथे वाळूची पोती रचली होती. काठाला लाल फुलांचे ताटवे उमलले होते. जपानी माणसेही याच सुमारास आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर पाणी घालायला जातात. फुले आणि पाण्याचे डबे घेऊन बसची वाट पाहत उभी असलेली कुटुंबे मला वाटेत दिसत. साऱ्या देशाचे पितर त्या दिवसांत पाणी पीत होते. बाईंच्या आजी तेवढ्या राहिल्या होत्या, आणि चंद्र रोज झिजत चालला होता.

माझे तर्पण नीट होईना. यज्ञोपवीत उजव्या खांद्यावर घेतले की वडील, आजोबा, पणजोबा हा क्रम माझ्या ओठांवर आपोआप येतो. एका सकाळी आजोबांच्या नावापाशी मी अडखळलो. नाव आठवत होते. पण ते उच्चारताना असे वाटले की हे नाव मला कोणीही हिसकावून न घेता मिळाले आहे, आणि त्यासाठी मी काहीच केलेले नाही. आमच्या घराण्यात कुणाला आपले नाव लपवून डोंगरात न्यावे लागले नव्हते.

पुण्यातला माझा एक सहाध्यायी धर्मशास्त्राचा उत्तम जाणकार आहे. नातीने संगणकावर त्याचा चेहरा आणून दिला. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, "अहो, काश्यप म्हणा आणि मोकळे व्हा. निर्णय स्पष्ट आहे. तिथे राहून जमिनीबरोबर तुम्हीपण हलायला लागलात की काय?"

शास्त्रार्थ म्हणून त्याचे म्हणणे निर्दोष होते. मी त्याचे आभार मानले. मोकळा मात्र झालो नाही.

सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत पोचवणे माझे काम होते. त्या वाटेवर ती मला बाईंच्या वर्गात शिकलेले सांगू लागली. तोवर गुलामांविषयी मी जे वाचले होते त्यात साखळ्या होत्या, चाबूक होते आणि अश्रू होते. मनाच्या कोणत्या कप्प्यात त्यांना ठेवावे हे मला फार पूर्वीच ठरवून मिळाले होते: करुणेच्या. नात निराळेच सांगत होती.

"आजोबा, इंग्लिश सोल्जर्सना ते डोंगरातले लोक दिसायचेच नाहीत. अंगाला पानं, फांद्या बांधून झाडासारखे उभे राहायचे. सोल्जर बाजूने गेला तरी हलायचे नाहीत."

"श्वास तरी घेत असतील."

"झाडासारखा घेत असतील. आणि त्यांचा एक हॉर्न होता. गाईच्या शिंगाचा. साइडने फुंकायचा. या डोंगरावरून त्या डोंगरावर मेसेज. किती सोल्जर आले, कुठून आले, सगळं. इंग्लिश लोकांना आवाज यायचा, पण कळायचं काहीच नाही."

"मग?"

"मग वर्षानुवर्षं फायटिंग. रात्री मळ्यांवर उतरायचे, आणखी लोकांना सोडवून न्यायचे. शेवटी इंग्लिश लोक दमले. त्यांनाच ट्रीटी करावी लागली. तह ना? तह. किंगचे लोक, आणि समोर पळून गेलेले स्लेव्ह. इमॅजिन करा."

"आणि तहात काय ठरले?"

"ते मिसनी सांगितलं नाही. बोलता बोलता थांबल्या. म्हणाल्या, नेक्स्ट वीक." नात बसमध्ये चढता चढता वळली. "आजोबा, मिस हल्ली झोपत नाहीत. वर्गात सगळ्यांना माहितेय. छोटा शेक आला तरी पहिल्या त्याच टेबलाखाली जातात, आणि बाहेर यायला लेट करतात."

अमावास्या जवळ आली तेव्हा वादळ आले. शाळा दुपारीच सुटली. वारा असा होता की इमारत हलली तरी ती वाऱ्याने हलली की धरणीने, हे कळत नव्हते. दिव्याकडे पाहण्यात अर्थ उरला नव्हता. मी थोडा वेळ स्तोत्र म्हटले, थोडा वेळ खोलीत फेऱ्या घातल्या. मग सुनेला सांगून जिन्याने खाली गेलो आणि बाईंची घंटा वाजवली.

त्या एकट्याच होत्या. खिडक्यांना त्यांनी चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि दाराजवळ बसता येईल अशी उशी टाकली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा विचारला. मी पाणी मागितले.

"मी गोत्राविषयी बोलायला आलेलो नाही," मी म्हणालो. "नात सांगत होती, तुम्ही तहापाशी थांबलात. पुढे काय झाले, ते मला ऐकायचे आहे."

त्यांनी उठून खिडकीवरची सुटू लागलेली चिकटपट्टी दाबून बसवली. "तहात एक कलम होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतंत्र, तुमची जमीन तुमची. पण यापुढे मळ्यांवरून जो कोणी पळून तुमच्याकडे येईल, त्याला पकडून परत द्यायचं. आणि आमच्या लोकांनी परत दिले. सगळ्यांनी नाही, दर वेळी नाही, पण दिले. काल आपण जसे धापा टाकत आलो तसाच आलेला माणूस, त्याला बांधून खाली नेला. मी मुलांपुढे शिंग आणि पानं रंगवून सांगितली. मुलं टाळ्या वाजवत होती. आता त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुमच्या आजी काय म्हणत?"

"काही म्हणत नसे. ओतायला उभी राहिली की पहिली धार डाव्या अंगाला टाकायची. परत दिलेल्यांसाठी. त्यांची नावं कोणाला माहीत नव्हती आणि तिनं आपल्या मनानं त्यांना कधी नावं दिलीही नाहीत. धार टाकायची आणि गप्प उभी राहायची. मग आपल्या माणसांना नावानं हाक."

बाहेर काहीतरी पत्र्यासारखे गडगडत रस्त्यावरून गेले.

मला कळले, की ज्यांना पाणी द्यायला मी इतका उत्सुक होतो, त्यांच्या घरी ते कसे देतात हे मी एकदाही विचारले नव्हते. "तुमच्याकडे कसे देतात?" मी विचारले.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. "उभं राहायचं. शेजारी वडील माणूस. त्यानं काही म्हणायचं नसतं, फक्त असायचं असतं. ओतणाऱ्यानं हाक मारायची आणि जमिनीवर धार सोडायची. आपण नीट आहोत का ते सांगायचं. त्यांच्या वाट्याचं अन्न शिजवलं तर त्यात मीठ घालायचं नाही."

"आणि धार पाण्याची?"

"पाण्याची चालते," त्या म्हणाल्या. मग ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसल्या. "आजीला नाही चालायची. आजीला रम."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"ऊस आमच्या माणसांनीच तोडला होता, ओजीसान," त्या म्हणाल्या. "गाळला त्यांनी, उकळला त्यांनी. हात चरकात सापडले ते त्यांचे. प्याले दुसरेच. आजी म्हणायची, त्यांचं त्यांना परत देतेय, उपकार नाही करत."

मी सुरा कधी हातात धरली नव्हती, तिच्या वासाच्या घरात पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. महापातकांच्या यादीत ती कुठे येते हे मी पाठशाळेत पन्नास वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. ते सारे त्या खुर्चीत बसून मला आठवले. आणि हेही दिसत होते, की समोरच्या बाईला माझे मंत्र नकोत, माझे गोत्र नको. तिला शेजारी एक म्हातारा माणूस हवा आहे, आणि तो मी आहे.

"अमावास्येला सकाळी नदीवर या," मी म्हणालो. "माझे तर्पण मी आधी उरकून घेईन. नंतर तुमच्या शेजारी उभा राहीन. काही म्हणणार नाही."

त्या दारापर्यंत आल्या. मी जिना चढू लागलो तेव्हा मागून म्हणाल्या, "किती वाजता?"

सुनेला हे सांगणे भाग होते. ती भाजी चिरत होती. सुरी तशीच हातात राहिली.

"तुम्ही? रम? बाबा, मी तुमच्याबरोबर दुकानात येणार नाही हं."

"त्या आणतील. मी फक्त उभा राहणार."

"नदीवर दारू ओतायची. इथे रस्त्यावर कागदाचा कपटा पडला तरी कोणी उचलून आपल्या हातात देतं. पोलीस आला तर काय सांगू? श्राद्ध आहे?"

"तेच सांग. खरे तेच आहे."

तिने मुलाला कचेरीत निरोप पाठवला. त्याचे उत्तर तिने मला वाचून दाखवले: बाबांना बरं वाटत नाहीये का? मग ती पुन्हा भाजी चिरू लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "खीर करीनच. त्यांच्या आजीसाठी एका वाटीत वरण-भात बिनमिठाचा काढून ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो.

अमावास्येच्या सकाळी नदी गढूळ होती. वादळाने वाहून आणलेल्या फांद्या आणि बांबू पायऱ्यांना अडकले होते, लाल फुले बहुतेक आडवी झाली होती. एक वृद्ध जपानी गृहस्थ कुत्र्याला घेऊन भिंतीवरून चालले होते. आम्हाला पाहून थोडे थबकले, मान झुकवून पुढे गेले. सून बरोबर आली होती. तिच्या एका हातात ती वाटी आणि दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी, काही सांडलेच तर उचलायला. नात तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशात उभी होती.

मी माझे तर्पण केले. त्या दिवशी क्रम चुकला नाही. शेवटची ओंजळ देऊन यज्ञोपवीत सरळ केले, ताम्हन उपडे ठेवले आणि बाईंच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांनी तो पांढरा सदरा घातला होता. खिशातून त्यांनी औषधाच्या बाटलीएवढी बाटली काढली. झाकण उघडताच तो वास आला. मी मागे सरलो नाही.

पहिली धार त्यांनी डाव्या अंगाला, पायरीच्या कडेला मातीवर टाकली आणि गप्प उभ्या राहिल्या. तेवढा वेळ नदीचा आवाज ऐकू येत होता.

मग त्यांनी हाक मारली. ते नाव आधी मला सांगितलेले नव्हते. लहानसे होते, शेवटी वर चढणारे, शेतातून कोणाला जेवायला बोलवावे तसे. त्यांनी ते तीनदा पुकारले आणि त्यानंतर त्या बोलतच राहिल्या, त्यांच्या गावच्या बोलीत, जी मला कळत नव्हती आणि नातीलाही. एका ठिकाणी त्या हसल्या. एका ठिकाणी आवाज फाटला. सुनेने वाटी पायरीवर ठेवली आणि ती नातीच्या खांद्याला धरून उभी राहिली.

बाटलीत थोडे उरले तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "आमच्यात शेवटचा घोट वडील माणसाचा," त्या म्हणाल्या. "तोही मृतांच्याच वतीनं. तुम्ही घेणार नाही, मला माहीत आहे. तसा आग्रहही नाही. पण उरलेलं मला घरी परत नेता येत नाही."

सुनेने माझ्याकडे पाहिले.

मी उजवा हात पुढे केला, तळवा वर. बाईंना क्षणभर उमगले नाही. मग त्यांनी बाटली उपडी केली. रम हाताला थंड लागते हे मला माहीत नव्हते. मी दक्षिणेकडे वळलो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा पितरांची. वडिलांना, आजोबांना, आईला मी आयुष्यभर तिथूनच पाणी देत आलो आहे. बाईंनी पुकारलेले नाव मी त्यांनी पुकारले तसे, शेवटी वर चढवून, एकदाच म्हटले. त्याच्या आधी काही लावले नाही, मागे काही जोडले नाही. हात तिरपा केला आणि बोटांमधून ती धार खाली सोडली.

बाई पायरीवर बसल्या. ओल्या पायरीवरच, पाय पसरून. "पिईल ती," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पंधरा मिनिटं मी इथंच बसते. कोणी उठवू नका." आणि भिंतीला डोके टेकून त्यांनी डोळे मिटले.

सून हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, घरी चला. स्नानाचं पाणी काढते."

"काढ," मी म्हणालो. "मी त्यांच्याबरोबर येतो." नात बससाठी निघाली, सून तिच्यामागून गेली, आणि मी हात तसाच अंगापासून दूर धरून, बाई उठेपर्यंत तिथे उभा राहिलो.